ईगल लेकच्या काठची दोन इंजिने

अमेरिकेच्या मेन राज्यात, अगदी उत्तरेच्या जंगलात ईगल लेक नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी झाडांच्या गर्दीत वाफेची दोन अजस्र इंजिने उभी आहेत. एक १८९७ चे, दुसरे १९०१ चे. आसपास स्टेशन नाही, गावही नाही. ती तिथे आली कशी, हे विचारू लागले की एदुआर लाक्र्वाचे नाव पुढे येते.

लाक्र्वा सीमेपलीकडचा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातला. जन्म १८८९ चा. लाकडाच्या धंद्यात तो एवढा वर गेला की लोक त्याला राजाच म्हणू लागले. १९२५ मध्ये तो कॅनडाच्या संसदेत निवडून गेला आणि खासदार असतानाच शेजारच्या देशाच्या रानात रेल्वे घालायला निघाला!

अडचण होती पाण्याच्या उताराची. ईगल लेकचे पाणी उत्तरेला वाहत कॅनडाकडे जाते, तर वृत्तपत्राचा कागद करणारी मिलिनॉकेटची गिरणी दक्षिणेला, पेनॉबस्कॉट नदीच्या खोऱ्यात. ओंडके पाण्यात सोडावेत, तर ते भलत्याच दिशेला जाणार. आधीच्या पिढीने धरणे बांधून, कालवा खणून पाणीच उलटे फिरवले होते. पुढे १९०३ च्या सुमारास वाफेवर फिरणाऱ्या लोखंडी दोराने लाकूड एका सरोवरातून दुसऱ्यात ओढूनही पाहिले. लाक्र्वाने सरळ पाणलोटच ओलांडायचे ठरवले. उंबाझुक्सस सरोवरापर्यंत सुमारे १३ मैलांचा मार्ग आखला. वाटेत चेंबरलेन सरोवराच्या टोकाला सुमारे १५०० फूट लांबीचा लाकडी पूल बांधला. इंजिने हिवाळ्यात, गोठलेल्या सरोवरांवरून आणि बर्फाच्या वाटांनी, पट्ट्यांवर चालणाऱ्या लोम्बार्ड ट्रॅक्टरांनी ओढून आणली. बर्फ पायाखाली तडकतो तेव्हा कसा आवाज येतो, हे त्या ट्रॅक्टरवाल्यांनाच ठाऊक.

१९२७ पासून गाड्या धावू लागल्या. जंगलाला आग लागू नये म्हणून इंजिने कोळशाऐवजी तेलावर चालवली. कुऱ्हाड-करवत धरणारे बहुतेक हात क्वेबेकच्या फ्रेंच बोलणाऱ्या मजुरांचे होते. चरित्र मात्र मालकाचे लिहिले जाते; हा लेखही त्याला अपवाद नाही.

मग मंदी आली. १९३३ मध्ये रेल्वे थांबली. इंजिने परत ओढून न्यायची, तर त्यांच्या किमतीपेक्षा खर्चच जास्त. ती शेडमध्येच राहिली.

लाक्र्वाचे राजकारण मात्र चालूच होते. १९४४ मध्ये, सक्तीच्या सैन्यभरतीच्या वादात, तो लिबरल पक्ष सोडून ब्लॉक पॉप्युलेअर या विरोधी पक्षातर्फे क्वेबेकच्या विधानसभेत निवडून आला आणि पुढच्याच वर्षी राजीनामा देऊन मोकळा झाला. १९६३ मध्ये तो वारला.

तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, मेन राज्याने अलागाशचा हा जलमार्ग निसर्ग जपण्यासाठी राखून ठेवला. रानात माणसाच्या खुणा नकोत, म्हणून १९६९ मध्ये इंजिनांची शेड जाळून टाकली. लाकूड जळाले. इंजिने होती तिथेच राहिली. आता उन्हाळ्यात होडी काठाला लावून लोक ती पाहायला झाडीत शिरतात.