असिसीचे संत फ्रान्सिस
असिसीचे संत फ्रान्सिस (इ.स. ११८१ किंवा ११८२ – ३ ऑक्टोबर, इ.स. १२२६) हे मध्ययुगीन इटलीतील रोमन कॅथलिक संत आणि फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक होते. नाताळात चर्चच्या वतीने येशूजन्माचा जिवंत देखावा उभारण्याच्या प्रथेचा उगम त्यांनी ग्रेच्चो या गावी योजलेल्या उपासनेत मानला जातो.

पूर्वायुष्य

फ्रान्सिस यांचा जन्म उंब्रिया प्रांतातील असिसी येथे झाला. त्यांचे वडील पिएत्रो दि बेर्नार्दोने हे कापडाचे सधन व्यापारी होते. इ.स. १२०२ मध्ये पेरुजा नगराशी झालेल्या लढाईत फ्रान्सिस पकडले गेले व सुमारे एक वर्ष कैदेत राहिले. पुढे त्यांनी कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सान दामियानो या पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी त्यांनी वडिलांचे कापड विकले. त्यावरून उद्भवलेला वाद बिशपसमोर गेला असता त्यांनी अंगावरील वस्त्रेही वडिलांना परत केली आणि वारसाहक्क सोडला.

संघाची स्थापना

इ.स. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या लहानशा संघास तोंडी मान्यता दिली. इ.स. १२१९ मध्ये पाचव्या धर्मयुद्धाच्या काळात फ्रान्सिस यांनी इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल यांची भेट घेतली. संघ वाढला तसा मालमत्ता न बाळगण्याचा मूळ दंडक किती काटेकोरपणे पाळावा, हा प्रश्न तीव्र झाला. संघाच्या नियमावलीस पोप तिसरे होनोरियस यांनी २९ नोव्हेंबर, इ.स. १२२३ रोजी मंजुरी दिली.

ग्रेच्चो येथील नाताळ

त्यानंतर महिन्याभरातच ग्रेच्चोचा नाताळ साजरा झाला. बालयेशू कोणत्या हलाखीत जन्मला हे लोकांना प्रत्यक्ष दिसावे, असा फ्रान्सिस यांचा हेतू होता. त्यांच्या सूचनेवरून जोव्हान्नी नावाच्या स्थानिक सरदाराने गव्हाण, गवत, बैल व गाढव यांची व्यवस्था केली. आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन जमले. गव्हाणीवर मिस्सा अर्पण करण्यात आला. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते. त्यांनी डीकन या नात्याने शुभवर्तमान गायले व प्रवचन केले. चेलानोचे थॉमस यांनी लिहिलेल्या आद्य चरित्रात मरिया व योसेफ यांच्या भूमिका कोणी केल्याचा उल्लेख नाही. येशूजन्मावरील धार्मिक नाट्ये युरोपातील चर्चमध्ये त्यापूर्वीही होत असत. ग्रेच्चोचे वेगळेपण खरी जनावरे, खरे गवत आणि सामान्य ग्रामस्थांचा सहभाग यांत होते.

मृत्यू व वारसा

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत, १६ जुलै, इ.स. १२२८ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत घोषित केले. असिसी येथील त्यांच्या बॅसिलिकात ग्रेच्चोच्या प्रसंगाचे भित्तिचित्र आहे. फ्रान्सिस्कन संघ सोळाव्या शतकात गोव्यात पोहोचला. जुने गोवे येथील त्यांच्या नावाचे चर्च जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. नाताळच्या देखाव्याला मराठी ख्रिस्ती समाजात ‘गोठा’ म्हणतात. मातीच्या मूर्तींचा गोठा असो वा माणसे व जनावरे असलेला जिवंत देखावा, त्याची परंपरा ग्रेच्चोशी जोडली जाते.