अक्षरवेडा बास्करव्हिल

गेल्या वर्षी आमच्या संगणक कक्षात एक वाद रंगला होता. पडद्यावरच्या चौकटींचे कोपरे नव्या रचनेत एकाएकी गोल झाले होते. मला ते मुळीच रुचले नाहीत. डोळ्यांना त्रास होतो, असे मी ठासून सांगितले. त्रास डोळ्यांना नसून सवयीला होतो, असे माझ्या मित्राचे मत पडले. मी रागावलो आणि आमचे बोलणे बंद झाले. पुढे एक लेख जुळवताना अक्षरवळणांच्या यादीत 'बास्करव्हिल' हे नाव दिसले. कुतूहलाने त्याचे चरित्र वाचले आणि मी खजील झालो.

जॉन बास्करव्हिलचा जन्म १७०६ च्या सुमारास इंग्लंडमधील वुल्व्हर्ली या खेड्यात झाला. बर्मिंगहॅमला तो सुंदर हस्ताक्षर शिकवी आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरी. रोगण चढवलेल्या वस्तूंच्या धंद्यात पुढे त्याला पैसा मिळाला. पण अक्षरांचे वेड काही सुटेना. १७५० च्या सुमारास त्याने स्वतःचे खिळे पाडायला घेतले. त्याच्या अक्षरांत जाड रेषा आणि बारीक रेषा यांतला फरक अधिक उठून दिसे. वळणे गोलसर असत. पानावर वेलबुट्टी नाही, समास मात्र ऐसपैस. शाई अधिक काळी, कागद गुळगुळीत. १७५७ साली त्याने व्हर्जिलची काव्ये छापली आणि १७६३ साली केंब्रिज विद्यापीठासाठी भव्य बायबल.

पण टीकाकार म्हणत, या बारीक रेषांनी वाचक आंधळे होतील! बेंजामिन फ्रँकलिनने अशाच एका गृहस्थाची गंमत केली. कॅसलन या जुन्या अक्षरकाराचा नमुना वरचे नाव फाडून त्याने पुढे केला आणि तो बास्करव्हिलचा म्हणून दाखवला. गृहस्थाने त्यात भराभर दोष काढले. गंमत अशी, की त्याच कॅसलनच्या अक्षरांत तो जन्मभर विनातक्रार वाचत आला होता! फ्रँकलिनने हा प्रसंग १७६० साली बास्करव्हिललाच पत्राने कळवला.

बायबलाचा खप मात्र बेताचाच झाला. छापखाना विकण्याचे बास्करव्हिलचे प्रयत्नही फसले. १७७५ साली तो वारला. पत्नी सारा हिने ते साहित्य फ्रान्समध्ये बोमार्शेला विकले. त्या खिळ्यांनी व्होल्तेरचे समग्र वाङ्मय छापले गेले. विसाव्या शतकात मुद्रकांनी ते वळण पुन्हा उचलले आणि १९५३ साली मूळ पोलादी ठसे केंब्रिजला परत आले. ज्या अक्षरांनी डोळे जातील अशी भीती होती, ती आज सौम्य आणि सुवाच्य म्हणून मुद्दाम निवडली जातात.

चरित्र मिटले आणि मला तो गृहस्थ ओळखीचा वाटला. तो मीच होतो! दुसऱ्या दिवशी मित्राला गाठून हे सारे सांगितले. चौकोनी कोपरे मला आजही प्रिय आहेत. पण माझ्या आवडीचे खापर आता मी डोळ्यांवर फोडत नाही.