फुटबॉलपटू डंकन एडवर्ड्स

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात अशी आपल्यात म्हण आहे. फुटबॉल खेळणाऱ्याच्या बाबतीत तर ती अक्षरशः खरी ठरावी असे कोणासही वाटेल. परंतु पाळण्यात दिसलेल्या त्या पायांना पुढे वाट कोण दाखवितो, आणि त्या वाटेने ते मूल स्वतः किती नेटाने चालते, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. इंग्लंडचा सुप्रसिद्ध फुटबॉलपटू डंकन एडवर्ड्स ह्याचे चरित्र वाचताना आम्हांस हाच भाग अधिक मोलाचा वाटला. ह्या तरुणाला अवघी एकवीस वर्षांची आयुर्मर्यादा लाभली. तथापि त्या अल्प काळात त्याने जे मिळविले व ज्या रीतीने मिळविले ते आमच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही जाणून घ्यावे, म्हणून त्याची जीवनकथा येथे देत आहोत.

डंकनचा जन्म १ ऑक्टोबर १९३६ रोजी इंग्लंडच्या मध्यभागातील डडली ह्या गावी झाला. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा व लोखंडाच्या भट्ट्यांचा. तेथील धुराने आसमंत इतका काळवंडून गेला होता की लोक त्या प्रदेशाला ‘ब्लॅक कंट्री’, म्हणजे काळा मुलूख, ह्याच नावाने ओळखीत. वडील ग्लॅडस्टन एडवर्ड्स हे कामगार होते. आईचे नाव सेरा ॲन. डंकनला कॅरल ॲन नावाची एक धाकटी बहीण झाली होती. परंतु १९४७ साली अगदी तान्ह्या वयातच ती दगावली. त्यानंतर ह्या मातापित्यांना डंकन हाच एकटा आधार उरला.

घरी वैभव नव्हते. मात्र घराबाहेर रस्ता होता, मैदान होते आणि सोबतीला सवंगडी होते. डंकन सदासर्वकाळ चेंडूच्या पाठीमागे असे. शाळेत तो एका पारंपरिक नृत्यपथकातही होता. इंग्लंडच्या खेडोपाडी चालत आलेले मॉरिस नृत्य आणि तलवारीचे नृत्य ह्यांच्या राष्ट्रीय महोत्सवासाठी त्याची निवड झाली, आणि नेमके त्याच दिवशी इंग्लंडच्या शालेय फुटबॉल संघाच्या निवडचाचणीचेही बोलावणे आले. दोन्ही मान मोठे, दिवस मात्र एकच. मुलाने फुटबॉल निवडला. नाचण्यात पायांना जे वळण लागले होते ते वाया गेले नसावे असे आम्हांस वाटते. कारण पुढे भरभक्कम शरीराचा हा गडी मैदानात मोठ्या चपळाईने व तोल सांभाळून वावरे. १ एप्रिल १९५० रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर वेल्सविरुद्ध तो इंग्लंडच्या शालेय संघातून खेळला. त्या वेळी त्याचे वय तेरा वर्षांचे होते. पुढे दोन हंगाम तो त्या संघाचा कर्णधारही होता.

आता क्षणभर डडली सोडून आपण मँचेस्टर शहरी जाऊ. कारण डंकनच्या पायांना वाट दाखविणारी माणसे तेथे होती. मँचेस्टर युनायटेड ह्या क्लबचे मैदान १९४१ साली जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते. महायुद्ध संपल्यावर १९४५ साली मॅट बस्बी क्लबचे व्यवस्थापक झाले तेव्हा स्वतःच्या मैदानावर सामने भरविण्याचीही सोय नव्हती. १९४९ पर्यंत क्लबला शेजारच्या क्लबच्या मैदानावर खेळावे लागले. अशा परिस्थितीत बस्बींनी एक दूरदृष्टीचा निर्णय घेतला. नावाजलेले खेळाडू विकत घेण्यावरच विसंबून न राहता गावोगावची होतकरू मुले हेरून आणावयाची, त्यांची राहण्याजेवण्याची सोय करावयाची आणि त्यांना आपल्या हातांखाली तयार करावयाचे, असा तो मार्ग होता. त्यांचे साहाय्यक जिमी मर्फी हे ह्या मुलांचे खरे गुरुजी. त्यांची शिस्त कडक होती. एकच गोष्ट ते मुलांकडून पुन्हापुन्हा करवून घेत आणि सामन्यातील चुका त्यांना परखडपणे दाखवून देत. फळबागेत कलमे लावणाऱ्याला आंब्याची घाई करून चालत नाही, तसेच हे काम होते.

डडलीच्या ह्या मुलाची वार्ता बस्बींच्या कानी १९४८ सालीच पोचली होती. डडलीच्या जवळच वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा त्या काळचा बलाढ्य क्लब होता. मुलाने तेथे जावे असे कोणासही वाटले असते. परंतु डंकनचे मन मँचेस्टरवर बसले. २ जून १९५२ रोजी हौशी खेळाडू म्हणून त्याचे नाव त्या क्लबात नोंदले गेले. तेव्हा त्याला सोळावे वर्ष चालू होते. एकुलत्या एका मुलाला परगावी पाठविताना आईवडिलांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना ज्यांची मुले शिक्षणासाठी घर सोडून गेली आहेत त्यांना सहज येईल. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फुटबॉलमध्ये यश न आले तर हाती काही कसब असावे, म्हणून ह्या मुलाने सुतारकामाची उमेदवारीही पत्करली होती. खेळावर जीव होता. पण पायांखालची जमीन सुटलेली नव्हती.

त्याच वर्षी अठरा वर्षांखालील मुलांसाठी यूथ कप ही नवी चषकस्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत मँचेस्टरच्या मुलांनी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मुलांचा दोन सामने मिळून ९–३ असा पराभव केला. त्या संघात डंकन होता. तत्पूर्वीच, ४ एप्रिल १९५३ रोजी, कार्डिफ सिटीविरुद्ध तो मोठ्यांच्या संघातून प्रथम खेळला. वय सोळा वर्षे आणि सहा महिने. त्या सामन्यात मँचेस्टरचा ४–१ असा पराभव झाला, हे मुद्दाम सांगावेसे वाटते; कारण थोर पुरुषांचा आरंभ नेहमी जयजयकारानेच होतो असा आपला एक समज असतो. १९५३ च्या अखेरीस त्याने मोठ्यांच्या संघात आपली जागा पक्की केली. त्याची नेहमीची जागा लेफ्ट हाफची; परंतु बचाव फळीत ठेवा, आघाडीस ठेवा, तो सारख्याच सामर्थ्याने खेळे. दोन्ही पायांनी चेंडू मारण्याची त्याची शक्ती विलक्षण होती.

२ एप्रिल १९५५ रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून खेळला. वय अठरा वर्षे व सहा महिने. महायुद्धोत्तर काळात इतक्या लहान वयात हा मान कोणास मिळाला नव्हता, आणि हा विक्रम पुढे १९९८ पर्यंत अबाधित राहिला. त्याच संघात सुप्रसिद्ध स्टॅन्ली मॅथ्यूज हे चाळीस वर्षांचे खेळाडूही होते. एकाच रंगाचा सदरा घातलेले हे दोघे, एक चाळिशीचा व एक अठराचा, असे चित्र वेम्बलीच्या प्रेक्षकांनी त्या दिवशी पाहिले. इंग्लंडने सामना ७–२ असा जिंकला.

ह्यानंतर जे घडले ते आमच्या मते ह्या चरित्राचे मर्म होय. राष्ट्रीय संघातून खेळून आलेला डंकन वयाने अद्याप मुलांच्या स्पर्धेस पात्र होता. काही दिवसांतच क्लबने त्याला पुन्हा यूथ कपच्या सामन्यांत उतरविले. ह्यावर वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली. इंग्लंडच्या खेळाडूला पोरांच्या सामन्यात खेळविणे हे प्रतिस्पर्धी मुलांवर अन्यायाचे आहे, असा तिचा रोख होता, आणि ती टीका अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. बस्बींना लेख लिहून आपल्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. वाद क्लबचा होता. मुलाने काय केले ते पाहा. एक लाख प्रेक्षक मावतील अशा वेम्बलीवर खेळून आलेला तो तरुण आपल्या बरोबरीच्या मुलांत पूर्वीसारखाच जाऊन उभा राहिला आणि तितक्याच जिवापाड खेळला. मँचेस्टरने तो चषक लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकला. पुढे सक्तीच्या लष्करी नोकरीची दोन वर्षे आली; तेव्हाही लष्कराच्या संघातून आणि क्लबकडून मिळून एका हंगामात तो सुमारे शंभर सामने खेळला असे सांगतात. हा सामना मोठा, तो लहान, असा भेद त्याच्या लेखी नव्हता. ज्याला आपण विद्यार्थिवृत्ती म्हणतो ती हीच.

१९५६ व १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे मँचेस्टर युनायटेडने इंग्लंडचे साखळी अजिंक्यपद मिळविले. ह्या तरुण संघाला लोक कौतुकाने ‘बस्बींची बाळे’ म्हणू लागले. २६ मे १९५६ रोजी बर्लिनमध्ये इंग्लंडने तत्कालीन जगज्जेत्या पश्चिम जर्मनीवर ३–१ असा विजय मिळविला. त्यात डंकनने चार-पाच जणांना मागे टाकून केलेला गोल जर्मन प्रेक्षकही विसरले नाहीत. एवढी कीर्ती झाली तरी त्याची राहणी साधीच होती. त्या काळी खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा असे आणि देशातील उत्तमोत्तम खेळाडूसही हंगामात आठवड्याला पंधरा पौंडांच्या आसपासच मिळत. डंकन एका घरगुती खानावळीत राही, सायकलवरून फिरे, आणि दारूपासून दूर असे.

फेब्रुवारी १९५८ मध्ये युरोपीय चषकाच्या सामन्यासाठी संघ बेलग्रेडला गेला. ५ तारखेस रेड स्टार संघाशी ३–३ अशी बरोबरी साधून मँचेस्टरने उपान्त्य फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी परतताना विमान इंधनासाठी म्यूनिकला उतरले. बर्फ पडत होते. उड्डाणाचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीवरील अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलाने विमानाचा वेग रोखला गेला, आणि ते कुंपण तोडून पलीकडच्या घरावर आदळले. विमानातील ४४ जणांपैकी शेवटी २३ जण दगावले. त्यांत मँचेस्टरचे आठ खेळाडू होते. बस्बी स्वतः मरणाच्या दारातून परत आले. मर्फी तेवढे बचावले. वेल्सच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे असल्याने ते त्या दौऱ्यावर गेलेच नव्हते.

डंकनचे पाय मोडले होते, बरगड्या मोडल्या होते असे नव्हे तर मूत्रपिंडांनाही जबर इजा पोचली होती. म्यूनिकच्या रुग्णालयात कृत्रिम मूत्रपिंडाच्या साहाय्याने वैद्यांनी शर्थ केली. त्याची झुंज पाहून ते स्वतः चकित झाले. मर्फी भेटीस गेले असता ह्या मुलाने वुल्व्हरहॅम्प्टनबरोबरचा सामना किती वाजता आहे, हे विचारले असे सांगतात. तो सामना त्याच आठवड्यात व्हावयाचा होता. पंधरा दिवस मृत्यूशी झगडून २१ फेब्रुवारी १९५८ रोजी पहाटे डंकनने देह ठेवला. डडलीच्या दफनभूमीत धाकट्या बहिणीच्या शेजारी त्याला चिरविश्रांती देण्यात आली. गावाने रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून त्याला निरोप दिला. पुढे वडिलांनी कारखाना सोडून त्याच दफनभूमीत माळ्याचे काम पत्करले. १९६१ साली गावच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसविण्यात आली. तिचे अनावरण मॅट बस्बी ह्यांच्या हस्ते झाले.

क्लबकडून १७७ सामने, देशाकडून १८ सामने व ५ गोल, एवढाच त्याचा जमाखर्च. आकडे पाहिले तर त्याहून मोठे खेळाडू पुष्कळ सापडतील. तरीही त्याच्याबरोबर वाढलेला आणि त्या अपघातातून वाचलेला बॉबी चार्लटन, जो पुढे १९६६ साली जगज्जेत्या इंग्लंड संघात होता, तो जन्मभर सांगत राहिला की आपल्याला कमीपणा वाटावा असा खेळाडू आपण एकच पाहिला, आणि तो डंकन. १९६८ साली बस्बींच्या नव्या संघाने युरोपीय चषक जिंकला, तेव्हा त्या आनंदात म्यूनिकला गमावलेल्या मुलांची आठवण सर्वांच्याच मनात होती.

आमच्या गोव्यात भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत संध्याकाळी मुलांचे फुटबॉल रंगतात. खेळून पोट भरते काय, असा प्रश्न त्या वेळी घरोघरी विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. डडलीच्या त्या कामगाराच्या घरातही तो पडला असेलच. म्हणून तर मुलाच्या हाती सुताराची हत्यारे दिली गेली. परंतु त्या आईवडिलांनी मुलाची वाट अडविली नाही, एवढे पालकांनी लक्षात घ्यावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही एवढेच करा : शाळेच्या संघात निवड झाली, तालुक्याच्या संघात झाली, त्याहून वर झाली, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या वाड्यावरच्या मुलांत खेळावयास जा, आणि तेथेही जीव ओतून खेळा.