डॉ. सलीम अली: शिकारीच्या छंदातून पक्ष्यांच्या हिशेबाकडे

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस असतो. सलीम अली हे पक्षीतज्ज्ञ म्हणून तुम्हाला ठाऊक असतील. ते लहानपणी पक्के शिकारी होते, हे मात्र अनेकांना माहीत नसते. तितर, लावे, बदके यांसारखे शिकारीचे पक्षी किती मारले तर टिकतात आणि कधी संपतात, हे त्यांच्या आयुष्यातून चांगले समजते. तुमच्या बांधावरच्या तितरांनाही तोच हिशेब लागू पडतो.

खेतवाडीतला मुलगा आणि आठ चिमणे

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले. गिरगावातल्या खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. घरी जेवणासाठी जिवंत तितर आणि लावे विकत येत. त्यातले काही मागून घेऊन हा मुलगा पाळत असे.

साधारण दहा वर्षांचा असताना त्याने तबेल्याच्या भिंतीतल्या चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवली. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर राखणीला. त्याने नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही मारला, तर तिसरा आला. सात दिवसांत असे आठ नर पडले. या मुलाने ते सगळे वहीत लिहून ठेवले.

या नोंदीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. दिसणाऱ्या जोड्यांखेरीज काही जादा पक्षी आसपास असतात. त्यांना घरटे किंवा जोडीदार मिळालेला नसतो. एखादी जागा रिकामी झाली की ते ती भरतात. शिकारीची मर्यादा ठरवताना याच जादा पक्ष्यांचा विचार होतो.

तितरांचा हिशेब असा मांडा

समजा, तुमच्या शिवारात पावसाळ्याआधी तितरांच्या १० जोड्या आहेत, म्हणजे २० पक्षी. तितर साधारण ४ ते ८ अंडी घालते. काही अंडी साप-मुंगूस खातात, काही पिल्ले पावसात मरतात. तरी दिवाळीपर्यंत ४० पिल्ले मोठी झाली असे धरू. आता पक्षी झाले ६०. पण उन्हाळ्यात चारा, पाणी आणि आडोसा २० जणांपुरताच असेल, तर उरलेल्या ४० पैकी बहुतेक शिकारी पक्षी, भूक किंवा रोगामुळे मरणारच. यातले थोडे माणसाने नेले तरी पुढच्या हंगामात जोड्या तेवढ्याच राहू शकतात.

दुष्काळी वर्षात मात्र ४० ऐवजी ५ च पिल्ले जगली, तर जादा असे काही उरतच नाही. त्या वर्षी मारलेला पक्षी म्हणजे बियाण्याचे धान्य दळायला काढण्यासारखे आहे. म्हणून मर्यादा एकदा ठरवून भागत नाही. आधी मोजणी, मग आकडा, आणि विणीच्या काळात पूर्ण बंदी, असा क्रम लागतो. अमेरिकेत १९५५ पासून दरवर्षी बदकांची मोजणी होते आणि तिच्या आधारे एका शिकाऱ्याने दिवसाला किती बदके मारावीत हे ठरते.

माळढोकाला हे गणित चालत नाही. त्याची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. असा पक्षी थोडाही मारला तरी मुद्दलच खर्ची पडते. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे सलीम अलींना वाटत होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. पुढे १९७९ मध्ये सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोक अभयारण्य झाले, पण तोवर हा पक्षी खूपच कमी झाला होता.

शिकारीकडून निरीक्षणाकडे

१९०८ च्या सुमारास सलीमने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे पाठवले. तेथील मानद सचिव मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि संस्थेचा पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. तेव्हापासून ही संस्था आयुष्यभर त्यांची झाली.

पुढे त्यांनी ब्रह्मदेशात भावाच्या खाण व्यवसायात काम केले, मुंबईत प्राणिशास्त्र शिकले आणि जर्मनीत जाऊन प्रशिक्षण घेतले. परतल्यावर नोकरी उरली नव्हती. १९३० मध्ये ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते आणि मग नर पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी नोंदवले.

अभ्यासासाठी त्यांनी स्वतःही पक्षी मारले. मर्यादेतल्या शिकारीला त्यांचा सरसकट विरोध नव्हता. बेसुमार कत्तल मात्र त्यांना मान्य नव्हती.

भरतपूर: ४,२७३ पक्षी एका दिवसात

भरतपूरचे पाणथळ क्षेत्र हे तिथल्या महाराजांचे बदकांच्या शिकारीचे राखीव ठिकाण होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली होती.

तरीही बदके तिथे पुन्हा येत राहिली, कारण पाणी शिल्लक होते. खरा धोका स्वातंत्र्यानंतर आला. हे क्षेत्र कोरडे करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी झाली. शेतकऱ्यांची गरज खरी होती. सलीम अलींनी पंडित नेहरूंकडे रदबदली केली आणि पाणथळ वाचले. १९५६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले.

१९८२ मध्ये तिथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. त्यावरून संघर्ष झाला आणि काही गावकऱ्यांचा जीव गेला. सलीम अलींसह अनेक तज्ज्ञ बंदीच्या बाजूचे होते. पण त्यांच्याच संस्थेच्या अभ्यासात दिसले की म्हशी गेल्यावर गवत माजले आणि पाणी झाकले गेले, त्यामुळे पाणपक्ष्यांची जागा कमी झाली. गावकऱ्यांची जनावरे त्या पाणथळाचा भाग होती, हे मोजणीतूनच कळले.

कायदा कसा बदलला

मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा १९५१ मध्ये झाला. त्यामागे सलीम अलींचे सहकारी हुमायून अब्दुलअली यांचे मोठे परिश्रम होते. तेही शिकारी होते. १९७२ चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदाही सुरुवातीला परवान्यावर काही शिकारीला मुभा देत होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धत बंद झाली. सलीम अलींचे निधन त्याआधीच, १९८७ मध्ये झाले होते.

आज तितर, लावे किंवा रानबदके मारणे वा जाळ्यात पकडणे हा गुन्हा आहे. त्यामुळे मर्यादेचा आकडा आपल्याकडे शून्य आहे. पण जागाच उरली नाही, तर शून्य शिकारीनेही पक्षी टिकत नाहीत. मुंबईतही नायगावच्या पूर्वेला शिवडीच्या चिखलपट्टीवर रोहित पक्षी येतात, ते तिथे मिळणाऱ्या खाद्यासाठीच.

तुमच्या शेतात काय कराल?

- बांधावरचे गवत आणि झुडपे सरसकट जाळू नका. तितरे आणि लावे जमिनीवरच घरटी करतात.
- चारा किंवा गवत कापताना मधून सुरुवात करून कडेकडे या, म्हणजे पक्ष्यांना पळायला वाट मिळते.
- बीजप्रक्रिया केलेले दाणे उघड्यावर सांडू देऊ नका. ते खाऊन पक्षी मरतात.
- शेततळ्याचा एक काठ उतरता ठेवा.
- पक्षी पिकावर येत असतील तर राखण किंवा चमकणाऱ्या फिती वापरा. सुगरण दाणे खाते, पण पिल्लांना किडेही भरवते.
- लावे पाळायचे असतील तर फक्त जपानी लाव पाळा आणि आधी पशुसंवर्धन विभागाकडून नियम समजून घ्या.
- शिवारात जाळी लावलेली दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

यंदा पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, दोन्ही वेळा पहाटे बांधावर उभे राहून किती तितरे ओरडतात ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. दोन-तीन वर्षांत तुमच्या शिवाराचा हिशेब तुम्हालाच कळेल.