होन आणि शिवराई

आजोबांनी दिलेली तांब्याची शिवराई माझ्या डबीत आहे. नाणेसंग्राहक तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. त्यांना हवा असतो शिवाजीमहाराजांचा सोन्याचा होन.

१६३० मध्ये शिवनेरीवर जहागीरदाराच्या घरी जन्मलेले महाराज १६६६ मध्ये आग्र्याहून निसटले आणि १६७४ मध्ये रायगडावर छत्रपती झाले. स्वतःच्या नावाचे नाणे पाडले, तेही नागरी लिपीत. दरबारांत फारसीचा दबदबा असताना!

पण १६८० मध्ये महाराज गेले. शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली. होन मुळात थोडे. शिवाय सोन्याचे नाणे अडीअडचणीला सोनाराच्या मुशीत जाते. उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माझ्या शिवराईवर नाव मात्र तेच आहे.