फ्रँकलिनची सळई आणि आमचा होम थिएटर

मे महिन्यातली संध्याकाळ. दिवसभर अंगाची लाही, आणि पाचच्या सुमारास आभाळ एकदम काळं. कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. आधी धुळीचा लोट, मग वळवाचे टपोरे थेंब, मग लाईट जाणार. गेल्या वर्षी अशाच एका वळवात आमच्या घरचा होम थिएटर गेला. वीज घरावर पडली नव्हती बरं का! लांब शिवारात कुठंतरी कडाडली आणि इकडं ॲम्प्लिफायरमधून जळका वास. दादानं उसाच्या बिलातून घेतलेला सेट होता तो. वायरमन काका आले, पण त्यांनी सेटला हातच लावला नाही. बोर्ड उघडला आणि अर्थिंगची वायर कुठं जाते ते बघत घरामागं गेले. वायर भिंतीतून बाहेर आली होती आणि तिथंच कापून गुंडाळून ठेवलेली होती. जमिनीत काही नव्हतंच.

त्या अर्धवट वायरीच्या मागं लागून मी ज्या माणसापर्यंत पोचले, त्याचं चित्र तुम्ही शंभर डॉलरच्या नोटेवर पाहिलंय. बेंजामिन फ्रँकलिन.

जन्म १७ जानेवारी १७०६, बोस्टन. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे, त्यांना सतरा मुलं, त्यात हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. भाऊ पेपर काढायचा, पण धाकट्याचं लिखाण तो छापेल अशी आशा नव्हती. मग सोळा वर्षांच्या बेननं एका विधवा बाईचं खोटं नाव घेऊन पत्रं लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. एक-दोन नाही, चौदा पत्रं छापून आली. (इंटर्नशिप करणाऱ्यांनी ही आयडिया डोक्यातून काढून टाकावी, हल्ली ऑफिसात सीसीटीव्ही असतो.) भावाशी पटेना म्हणून १७२३ मध्ये तो पळाला आणि फिलाडेल्फिया गाठलं. तिथं स्वतःचा छापखाना, पेपर, आपल्याकडच्या पंचांगासारखं दरवर्षी निघणारं पुस्तक, असा जम बसला की वयाच्या ४२ व्या वर्षी त्यानं धंद्यातून अंग काढून घेतलं. कशासाठी? तर विजेशी खेळायला.

तेव्हा वीज म्हणजे करमणूक होती. काचेच्या बरणीला आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावून तिच्यात विद्युतभार साठवायचा आणि पाहुण्यांना झटके देऊन हसायचं. डिसेंबर १७५० मध्ये फ्रँकलिन अशाच दोन मोठ्या बरण्यांनी टर्की कोंबडा मारायला गेला आणि झटका स्वतःच खाल्ला. सगळं अंग हादरलं, हात बधिर झाले. हा फजितीचा किस्सा त्यानं स्वतःच पत्रात लिहून ठेवलाय, म्हणून मला हा माणूस आवडतो.

पतंगाची गोष्ट शाळेत ऐकली असेल. १७५२ सालचा तो प्रयोग. पण पतंगावर वीज पडली नव्हती. पडली असती तर पुढचं चरित्र लिहायला काही उरलंच नसतं. ढगातला भार ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत उतरला, एवढंच. तुम्ही मात्र करून बघू नका.

खरी कमाल पतंगात नाही, सळईत आहे. १७५३ च्या आपल्या पंचांगात त्यानं साधा उपाय छापला. लोखंडी सळई घ्या, एक टोक घराच्या सर्वांत उंच भागाच्या वर सहा-आठ फूट काढा, दुसरं तीन-चार फूट ओल्या जमिनीत गाडा. विजेला अडवायचं नाही, तिला जमिनीत जायला सोपी वाट द्यायची. पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरा म्हणाला. स्वतःच्या घरात तर त्यानं सळईला घंटा लावल्या, ढग आले की त्या आपोआप वाजायच्या. बायको डेबोरा वैतागायची. साहेब लंडनला आणि इकडं रात्री-अपरात्री घंटा!

‘ओल्या जमिनीत’ हे शब्द किती महत्त्वाचे होते ते त्याच वर्षी दिसलं. ऑगस्ट १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचे प्राध्यापक छतावरच्या सळईतून भार मोजत होते. सळई मुद्दाम जमिनीला जोडलेली नव्हती. वादळ आलं, सळईतून ठिणगी उडाली आणि ते जागीच गेले.

सळई होती, जमीन नव्हती. आमच्या घरामागच्या वायरीसारखंच की!

आता तुमच्या सेटकडं या. छतावरची सळई घर वाचवते, पण लांब पडलेल्या विजेचा दणका लाईटच्या तारेतून आणि डिशच्या केबलमधून आत येतो. सर्ज प्रोटेक्टरमध्ये एक छोटी चकती असते. व्होल्टेज प्रमाणाबाहेर उसळलं की ती क्षणात वाट मोकळी करते आणि जादाचा दणका न्यूट्रलकडं आणि अर्थिंगकडं वळवते. अर्थिंगच नसेल तर तिचं निम्मं काम तिथंच संपलं. शिवाय ती फक्त क्षणभराचा दणका झेलते. डीपीवर न्यूट्रल तुटला आणि घरात पावणेदोनपटीपर्यंत व्होल्टेज सुरू राहिलं, तर ती स्वतःच जळते. त्यासाठी जादा व्होल्टेजला लाईन तोडणारं वेगळं यंत्र बसवावं लागतं.

आणि स्पीकरमधली ती सारखी घुंऽऽ? बऱ्याचदा टीव्ही एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटला असतो, दोघांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक पडतो आणि तो फरक ऑडिओ वायरीतून फिरतो. दोन्ही एकाच बोर्डवर घ्या, ऑडिओ वायर लाईटच्या वायरीपासून लांब ठेवा. काही जण घुंऽऽ घालवायला प्लगची मोठी पिनच काढतात. तसं चुकूनही करू नका, जिवावर बेतेल.

फ्रँकलिनला आवाजाचंही वेड होतं. १७६१ मध्ये त्यानं फिरत्या काचेच्या वाट्यांवर ओली बोटं टेकवून वाजवायचं वाद्य बनवलं. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पण त्याच्याच घरात गुलाम होते, गुलामगिरीविरुद्ध तो उभा राहिला तो म्हातारपणी. आणि १७७४ मध्ये डेबोरा वारली तेव्हाही तो लंडनलाच होता. १७ एप्रिल १७९० ला तो गेला.

आमच्याकडं यंदा फेब्रुवारीत घरामागं खड्डा खणला. पाईप, कोळसा, मीठ, आणि वायर शेवटी जमिनीत गेली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडं आहे. एवढं करूनही, पुण्याच्या आयआयटीएमनं बनवलेल्या ‘दामिनी’ ॲपवर इशारा आला की वीज जवळ यायच्या आत दादा सेटचा प्लग काढतो, आणि डिशची केबलही. नवा सेट यंदाही उसाच्याच बिलातून आलाय.