विश्लेषण : इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी, तरी कर्णधारपद नाहीच! कोण होते बाळू पालवणकर?

भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. त्याच्या २१ वर्षे आधी, १९११ मध्ये, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली एक भारतीय संघ इंग्लंडला गेला होता. संघ बहुतेक सामने हरला. बाळू पालवणकर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४.

सुरुवात कुठे झाली?

धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात वाढले. युरोपीयांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर ते खेळपट्टीवर रोलर फिरवत, सरावाच्या जाळ्या लावत. जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या नामांकित फलंदाजांना तासन्तास चेंडू टाकताना त्यांचा हात तयार झाला. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही.

युरोपीयांना हरवायचे तर बाळू हवेत, हे पुण्याच्या हिंदू संघालाही कळले. मैदानावर चेंडू सगळ्यांचा एकच. चहा मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात.

प्लेगच्या साथीच्या काळात ते मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपीय संघाला १०९ धावांनी हरवले, त्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

मग कर्णधारपद का नाही?

कारण जात, क्रिकेटच्या निकषावर दुसरे उत्तर सापडत नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळले. भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. अखेर तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार झाले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आले, पण ते विठ्ठल यांच्याकडे. त्या वर्षी हिंदू संघ जिंकलाही.

निवृत्तीनंतर काय?

बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. दलित समाजातील दोन मोठ्या नावांच्या या लढतीत बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले.

बाळूंचे निधन १९५५ मध्ये झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. कसोटी एकही नाही.